किती दिवसांनी रडू येतं

कारखान्यातल्या वायुगळतीने सात माणसं गेली. त्यांत इंदुमती हेरवाडेंचा मुलगा सन्मती होता. आठवड्याने भेटायला आलेले शेजारी पोह्यांची तारीफ करत बसले. कारखान्याचा मालक आला, तर त्यालाही त्यांनी हसून खुर्ची दिली. इंदुमतींना सगळ्यांची किळस आली.

तेवढ्यात आरोग्यसेविका आली. "काकू, कोण गोळी घेतंय ते कळायला आम्ही रोज घराघरच्या सांडपाण्यात उतरलेलं औषध मोजतो. आख्ख्या वॉर्डात फक्त तुमच्याच घरची शांतीची गोळी बंद आहे. सरकार फुकट देतंय, घ्या की!"

"घेऊन काय करू? यांच्यासारखी पोहे चघळत बसू?" इंदुमती कडाडल्या. "पोर गेलंय माझं! मला रडायचंय. या माणसाला जाब विचारायचाय. आहे तुमच्यात कुणाची छाती?"

सगळे समजूतदारपणे हसले आणि चपला घालून निघाले. मालकाने जाताना हातही जोडले.

शेजारची शालन मात्र उंबऱ्याशी थांबली. तिचा नवरा त्याच गळतीत गेला होता आणि तिचा चेहराही इतरांसारखाच शांत होता.

"काकू, गोळी सोडल्यावर किती दिवसांनी रडू येतं?"

"तिसऱ्या दिवशी," इंदुमती म्हणाल्या. "ये इथंच. रडून झालं की दोघी त्या मालकाच्या दारात जाऊ."