पाहणीच्या तीन फेऱ्या

पाहणीवाले गल्लीच्या तोंडाशी आले तेव्हा चांगुणाबाई पुंजारामच्या घरात चूल फुंकत बसली होती. घर पुंजारामचं, लाकडं मात्र तिची. सकाळीच आपल्या दाराला कुलूप घालून ती पदराखाली लाकडं घेऊन इकडे आली होती. बाहेर दोरीवर तिने आपलं एक लुगडं आणि शेजारच्या पोराची चड्डी वाळत घातली होती, कारण नुसत्या लुगड्याने घर भरल्यासारखं दिसत नाही. धुराने डोळे झोंबत होते. झोंबेनात का, धूर लांबूनच दिसायला हवा होता.

पुंजाराम बायकोपोरांना घेऊन दिवाळीनंतर अंकुशनगरकडे ऊस तोडायला गेला होता. शेजारचे भुजंग आणि बबलूही गेले होते. हंगाम संपल्याशिवाय मुकादम कुणाला सोडत नाही. आणि नेमकी याच दिवसांत महापालिकेला नाल्याकाठची ही वस्ती आठवली. पालिका आणि पुण्याची एक संस्था मिळून पत्र्याच्या खोपटांच्या जागी पक्की घरं बांधून देणार होत्या. दोन खोल्या, नळ, संडास आणि आतून कडी लागणारी मोरी. मोरीचं ऐकून चांगुणाबाई हरखूनच गेली होती. उभा जन्म तिने गल्ली उठायच्या आत, लुगड्याच्या आडोशाने चार तांबे अंगावर घेण्यात काढला होता.

अट एकच होती. सांगितलेल्या दिवशी पाहणीच्या तीन फेऱ्या होणार. एकदा जरी घरात माणूस सापडलं तरी नाव पक्कं. तिन्ही वेळा कुलूप दिसलं तर घर रिकामं समजून नाव कटणार. संस्थेच्या बाईंनी सभेत हे पुन्हा पुन्हा समजावून सांगितलं. ज्यांनी ते ऐकायला हवं होतं, ते तेव्हा उसाच्या फडात होते.

तिघांच्या किल्ल्या चांगुणाबाईकडेच होत्या. फेऱ्या तीन आणि घरंही तीन. एका दिवशी दोन घरांत दिसलो तर सोंग उघडं पडेल, तेव्हा एका फेरीला एक घर. गोष्ट इतकी चोख जुळली की तिचं तिलाच कौतुक वाटलं.

दारात संस्थेची शीतल येऊन उभी राहिली. गळ्यात ओळखपत्र, हातात फोन. मागे पालिकेचा कारकून रुमालाने मान पुसत होता.

"पुंजाराम यांचं घर ना? तुम्ही कोण?"

"मी माय त्याची. पोरगं कामाला गेलंय."

"येतील ना संध्याकाळी?"

"येईल की. जातंय कुठं?"

शीतलने चुलीकडे पाहिलं, दोरीवरच्या चड्डीकडे पाहिलं आणि फोनवर बोट टेकवलं. एक घर वाचलं.

दुसऱ्या फेरीला वेगळीच माणसं आली. त्या दिवशी चांगुणाबाई भुजंगची सासू झाली. सासू होताना तिला जरा मजाच आली. जावई कसा आळशी आहे, हे तिने कोणी न विचारता सांगून टाकलं. ती कामाला जायची त्या बियाण्याच्या गोदामातला दिवसभराचा रोज मात्र दुसऱ्यांदा बुडाला, आणि तिथला माणूस पुढच्या वेळी येऊच नको म्हणाला.

तिसऱ्या फेरीला ती बबलूच्या घरात तांदूळ निवडत बसली होती. दारात सावली पडली. वर बघते तर पुन्हा शीतल.

"आजी? तुम्ही तर पुंजारामच्या आई ना?"

हातातलं सूप चांगुणाबाईने उगीचच हलवलं.

"ती माझी बहीण. जुळ्या हावोत आम्ही."

कारकून हसला. शीतल हसली नाही. तिने त्याला पुढचं घर बघायला पाठवलं आणि उंबऱ्यातच खाली बसली.

"आजी, बबलू कुठे आहे? खरं सांगा. खोटी नोंद सापडली तर माझी नोकरी जाईल."

आता खोटं बोलण्यात राम नव्हता. चांगुणाबाईने तिचा हात धरला.

"लेकरा, बबलूच्या बायकोला सातवा महिना हाये. फडात मोळ्या उचलून राह्यली. उद्या लेकरू घेऊन येईल ती, तवा काय सांगू तिला? तू ऊस तोडायला गेल्तीस, म्हून तुझं घर गेलं?"

शीतलने मान वळवून कारकून कुठवर गेलाय ते पाहिलं.

"हे कुणाला सांगू नका," म्हणत तिने फोनवर बोट टेकवलं. जाताना तिचा चेहरा उतरला होता.

पुढचे दिवस चांगुणाबाईचा जीव टांगणीला लागला. पोरगी फिरली तर? कारकुनाला संशय आला तर? तिला अन्न गोड लागेना. बबलूचं घर गेलं तर तो दोष आपलाच, हे तिने मनाशी धरलं होतं.

महिन्याने शीतल शिक्का मारलेली शेवटची यादी घेऊन आली आणि समाजमंदिराच्या भिंतीवर चिकटवू लागली. यादी वर मंजूर झाली होती, आता त्यात काडीचा बदल होणार नव्हता. लिहितावाचता न येणारी चांगुणाबाई सगळ्यांच्या आधी तिथे पोचली.

"वाच माय, जल्दी वाच."

शीतलने बोट फिरवलं. पुंजाराम, मंजूर. भुजंग, मंजूर. मग इकडेतिकडे बघून, आवाज खाली आणून, बबलू, मंजूर.

चांगुणाबाईने पदर डोळ्यांना लावला. बबलूचं बाळ पक्क्या घरात रांगणार होतं. तिने शीतलच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

"न्हाई कटलं ना कुणाचं?"

"एकच कटलं, आजी," शीतल यादीच्या तळाशी बघत म्हणाली. "तिन्ही फेऱ्यांत कुलूप. मलाच फार वाईट वाटलं. चांगुणाबाई रखमाजी. कोण हो या? तुम्ही ओळखता का त्यांना?"