दमलेले पाहुणे

"श्श! हललात तर उडतील," मी पाचवीच्या पोरांना दटावलं. मुख्याध्यापिका बाईंच्या मागे लागून मिळवलेली ही माझी पहिलीच पक्षीसहल, आणि समोर समुद्रात पंधरा-वीस पांढरेशुभ्र सीगल रांगेत डुलत होते!

दहा मिनिटं मी बोलायची थांबलेच नाही. सैबेरियाची थंडी काय, हजारो मैलांचा प्रवास काय! गळ्यातली दुर्बीण डोळ्यांना लावायला सवड कुणाला होती? "इतके दमलेत बिचारे, पंखसुद्धा हलवत नाहीयेत."

तेवढ्यात जवळच्या होडीतल्या कोळीकाकांनी जाळं ओढलं आणि माझे पाहुणे ओळीने होडीत चढले.

"अगो, थर्माकोल हाय तो, जाळ्याला बांधलेला!" काका ओरडले. पोरं वाळूत लोळून हसली.

मग खरोखरच एक थवा कलकलाट करत पाण्यावर उतरला. पोरं माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"काका," मी हाक मारली, "हे तरी नक्की पक्षीच ना?"