बोलण्यासाठी दात

"बोलने के लिए नहीं मिलता, चाचाजी," खिडकीतला बाबू म्हणाला. "योजना में लिखा है, खाने में दिक्कत."

वासुदेवराव फॉर्म धरून तसेच उभे राहिले. ज्येष्ठांना सरकारी खर्चाने कवळी देणारी ही योजना इस्पितळात नुकतीच सुरू झाली होती. खासगी डॉक्टरांचा आकडा ऐकून ते दोनदा जिना उतरले होते.

"खाने का चल जाता है," ते बोळक्या तोंडाने म्हणाले. "दाल-चावल, दूध. झूठ क्यों लिखूँ?"

जन्मभर शाळेत संस्कृत शिकवलेला माणूस. पेन पुढे सरकेना.

आतून दातांची डॉक्टर आली, हिमानी. नागपूरहून इथे गंगाकाठी नोकरीला आलेली. फॉर्मवरचं नाव वाचून ती मराठीत म्हणाली, "काका, भाजलेले दाणे चावता येतात?"

"छे!"

"मग हीच ती दिक्कत. लिहा बिनधास्त."

त्यांनी लिहिलं.

पुढच्या आठवड्यात माप घेताना तिने विचारलं, "बोलायला म्हणजे पाठ, स्तोत्रं वगैरे ना?" त्यांच्या तोंडात मापाचा लगदा होता. त्यांनी नुसताच हात हलवला. तिने तो होकार समजला.

लगदा घट्ट होईपर्यंत डोळे मिटून पडायचं होतं. त्यांना बालाजी घाट दिसू लागला. लग्नानंतरची पहिली संध्याकाळ तिथेच गेली होती आणि पुढे सत्तेचाळीस वर्षं हाच नेम. ते शाळेतून आले की, आणि निवृत्तीनंतरही त्याच वेळी, दोघं पायऱ्यांवर जात. नंदा एक पायरी खाली बसे, गंगेकडे पाठ आणि तोंड त्यांच्याकडे. दिवसभर काय झालं, कोण काय म्हणालं, सगळं तिला सांगायचं. वाक्य संपायच्या आधीच ती हसू लागे. आरतीच्या घंटा सुरू झाल्या की बाकीची जोडपी गप्प होत. यांच्या गप्पा चालूच राहत.

गेल्या आषाढात उरलेले दात काढावे लागले. त्यानंतर नंदा दोनतीनदा "काय म्हणालात?" विचारी, मग मान डोलावून वाती वळत बसे. न समजताच डोलावते आहे, हे त्यांना कळे. हळूहळू त्यांनी सांगणं सोडलं. घाटही सुटला.

चौथ्या खेपेला कवळी बसली.

"म्हणा, त थ द ध न," हिमानी म्हणाली.

त्यांनी म्हटलं. एकेक अक्षर जागेवर पडलं.

"वा, गुरुजी! आता खणखणीत आवाज लागू द्या."

ते हसले आणि तडक निघाले. दूधविनायकाच्या गल्लीत एरवी ते पानवाल्यापाशी थांबत. आज थांबले नाहीत.

नंदा स्वयंपाकघरात भाजी निवडत होती. ते तिच्या समोर पाट घेऊन बसले. तिने वर पाहिलं आणि पाहतच राहिली.

"आज सांगा," ती म्हणाली.

त्यांनी बाबूपासून सुरुवात केली. झूठ लिहायला पेन कसं अडलं, तोंडात लगदा असताना डॉक्टरीणबाईंनी कसा प्रश्न विचारला, सगळं. वाक्य संपायच्या आधीच नंदा हसली. मग डोळे पुसले, आणि पुन्हा हसली.

तासभर ते बोलत होते. तोंडातून आवाज मात्र एकदाही काढला नाही. नवव्या वर्षी तापात नंदाचे दोन्ही कान गेले होते, आणि तेव्हापासून ती माणसांचे ओठच वाचत आली होती.