दोन बोटं

सात नंबरची रुग्णवाहिका रिकामी असतानाही मागून दबलेली दिसायची. गॅरेजमधल्या मिस्त्रीचं माप ठरलेलं होतं: चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये चार बोटं मावली पाहिजेत. हिच्यात दोनच मावत. स्प्रिंगचे पाटे दोनदा बदलले, तरी तेच.

"वळणावर मागे कुणी बसल्यासारखी कलते," ड्रायव्हर म्हणाला.

"काहीतरीच काय! पाटे हलक्या मालाचे आहेत, दुसरं काही नाही."

मिस्त्रीने मागचं दार उघडलं. स्ट्रेचर रिकामं होतं, चादरीला सुरकुतीसुद्धा नव्हती. ड्रायव्हरची जरा फिरकी घ्यावी म्हणून त्याने दारावर थाप मारली आणि आत बघून मोठ्याने म्हणाला, "उतरा हो, पोचलो आपण!"

गाडी हळूच वर आली. मिस्त्रीने बोटं घालून पाहिली. चार मावली.

ड्रायव्हर गाडी घेऊन गेला.

संध्याकाळी लेक दारात वाट बघत असेल, म्हणून मिस्त्रीने लगबगीने स्कूटर स्टँडवरून काढली. तो अजून बसलाही नव्हता, तोच मागची सीट दोन बोटं खाली दबली.