दोन झटके

"हे कडं मोठं होतंय मला," शिक्षिका म्हणाली आणि तिने हात वर करून दाखवला. कापडी कडं मनगटावरून घसरत कोपरापर्यंत आलं.

धाकटीने ते ओढून पुन्हा मनगटावर आणलं. पडद्याच्या जाड पट्टीचं ते कडं तिनेच शिवलं होतं, दादाच्या मनगटाच्या मापाने. दुसरं कडं तिच्या स्वतःच्या हातात होतं आणि मधे वीतभर दोरी. दादाला दिसत नव्हतं. सहा वर्षं रोज सकाळी ती त्याला या तळ्याभोवती पळवून आणायची. की तो तिला, यावर घरात वाद होता. आठ महिन्यांपूर्वी तो ऑफिसात टेलिफोन ऑपरेटरच्या खुर्चीवर बसल्या बसल्या गेला. पळणाऱ्यांच्या गटात तिला सगळे धाकटीच म्हणायचे. थोरला गेला, तरी ते नाव तसंच राहिलं.

गटाच्या सरांनी फारच गळ घातली म्हणून ती आज आली होती. या शिक्षिकेलाही दिसत नव्हतं आणि तिच्यासोबत पळायला कुणी मिळत नव्हतं. आज जमलं नाही, तर बूट कुणाला तरी देऊन टाकायचे आणि पुन्हा इकडे फिरकायचं नाही, असं धाकटीने मनाशी पक्कं केलं होतं.

निघाल्या. पहिल्या शंभर पावलांतच धाकटीच्या छातीचा भाता झाला. आठ महिने शिलाई मशीनपुढे बसून पायांचं पार लाकूड झालं होतं. शिक्षिका मात्र पळता पळता आरामात बोलत होती. "मुलांना वाटतं, बाईंना दिसत नाही, म्हणजे मागच्या बाकावर आपलंच राज्य. अहो, खिडकीतून बाहेर कोण बघतंय, तेसुद्धा कळतं मला. त्याचं उत्तर रस्त्याच्या दिशेने येतं."

धाकटीने नुसतं हं केलं. हळूहळू दोघींची पावलं जुळली. डावा हात, उजवा हात, मधली दोरी सैल. धाकटीने रस्त्यावर नजर लावली आणि थोडा वेळ, अगदी थोडा वेळ, तिच्या मनगटाला सगळं पूर्वीसारखं वाटलं.

तळ्याच्या टोकाला लहानसा पूल आहे आणि पुलाआधी एक उंच पायरी. धाकटीने दोरीला दोन झटके दिले आणि ती पायरी चढली. शिक्षिका पायरीला अडखळून सपशेल पालथी पडली.

"पायरी होती?" खालूनच तिने विचारलं.

"हो."

"मग सांगायचं नाही का, ताई?"

"सांगितलं की."

"कधी?"

धाकटीने हातातल्या दोरीकडे पाहिलं. तिने खरंच सांगितलं होतं. दोन झटके म्हणजे वर चढ, एक म्हणजे खाली उतर, दोरी ताणली की वळण. दिवसभर कानात लोकांचे आवाज घेऊन बसणारा दादा पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "पळताना तरी गप्प बस गं, माझे आई." आणि सहा वर्षं ती गप्प बसली होती. या रस्त्यावर दोघांनी एक शब्द काढला नव्हता. दोरी बोलायची आणि दादाला सगळं कळायचं.

तिने शिक्षिकेला उठवून बसवलं आणि हे सगळं अडखळत सांगितलं. शिक्षिकेच्या गुडघ्यातून रक्त येत होतं. ती तळहातांना टोचलेले खडे चाचपून काढत ऐकत राहिली.

"सरांना सांगते, दुसरं कुणी तरी बघा म्हणून," धाकटी म्हणाली. "मला नाही जमायचं. मी घरी जाते."

"जा की. पण मला घेऊनच जावं लागेल. मी तळ्याच्या कुठल्या टोकाला बसलेय, तेही मला माहीत नाही." शिक्षिका उठली आणि तिने कडं पुन्हा मनगटात चढवलं. "तुमच्या दादांना हाताचं कळत होतं. मला नाही कळत. मला तोंडाने सांगा."

दुसरा इलाजच नव्हता. पुलावरून त्या पुन्हा पळू लागल्या, आधी हळू, मग बऱ्यापैकी.

"खाली पायरी," धाकटी म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "आता डावीकडे वळायचंय. पुढे खडी आहे, पाय जपून."

"छान," शिक्षिका म्हणाली.

छान कसलं. एकेक शब्द काढताना धाकटीला वाटत होतं, आपण दादाला इथून हाकलून देतोय. घरात त्याची खोली भावजयीने केव्हाच आवरली होती, ऑफिसात त्याच्या खुर्चीवर दुसरं कुणी बसत होतं. राहिली होती ती या रस्त्यावरची शांतता, आणि तीही आज ती स्वतःच्या तोंडाने मोडत होती.

"झाडाची फांदी आहे. डोकं खाली." डोळ्यांपुढचा रस्ता पाण्यात बुडाला. ती तोंड मिटून, नाक ओढत पळत राहिली. दहा पावलं, वीस पावलं. शेजारी शिक्षिकेची पावलं आखडत गेली आणि दोरी मागे ताणली.

"ताई," शिक्षिका म्हणाली, "हवं तेवढं रडा. पण मोठ्याने रडा. तुम्ही गप्प झालात की मला रस्ता सापडत नाही."