लाल कोटाचा टॅग

पूर्वी एक कपडा हरवला की आम्ही दोघी जावा अख्खं दुकान पालथं घालायचो. आता प्रत्येक कपड्यात चिपचा टॅग असतो. हातातल्या यंत्रात हव्या त्या कपड्याचा नंबर टाकला, की ते त्याच्या टॅगच्या जितकं जवळ न्यावं, तितकं भरभर वाजतं.

आज लहान मुलाचा लाल कोट सापडेना. मागच्या खोलीतल्या मांडण्या रिकाम्याच होत्या, तरी यंत्र सावकाश वाजायला लागलं.

"सापडला का गं?" मोठ्या जाऊबाईंनी गल्ल्यावरून विचारलं.

"नाही ताई. पण जवळ येतोय."

"अगं वेडे, कोट कसा येईल? आपण जवळ जायचं असतं!"

"मी केव्हाची जागेवरच उभी आहे."

यंत्राचा आवाज सलग झाला. ताई हसत दारात आल्या आणि थबकल्या. त्यांची नजर माझ्या कमरेमागे खिळली होती.

"कोट सापडला," त्या पुटपुटल्या. "पण तो घातलाय कुणी?"