रिकाम्या खोलीतला दिवा

“खोलीत हालचाल नसली, म्हणजे माणूस नसला, की दिवा आपोआप जातो, काका. खाली उभं राहून बघायचं, सगळीकडे अंधार दिसला की कुलूप ठोकायचं. मजले चढायची गरजच नाही.”

रखवालदाराचे गुडघे कुरकुरत होते, त्यामुळे त्याला हे फारच पटलं. सेन्सर बसवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या म्होरक्याला सगळं विद्यापीठ ‘मंत्री’ म्हणायचं. मंत्र्याला यंदा ढाल हवीच होती. जोडून आलेल्या सुट्टीत जी इमारत सर्वांत कमी वीज जाळेल, तिला ती मिळणार होती. गेल्या वर्षी शेजारच्या इमारतीने ती पळवली, ते त्याच्या जिव्हारी लागलं होतं.

त्याची धाकटी बहीणही याच चमूत होती. तिला समारंभासाठी नवा फलक शिवायचा होता.

“अडगळीच्या खोलीत जुना पडलाय, तो वापरा. कापड काय झाडाला लागतं?” मंत्री गरजला.

“लागतंच की दादा. कापूस म्हणतात त्याला.”

सगळे खो-खो हसले. मंत्री लालबुंद झाला.

“चारचौघांत माझं हसं करतेस? जा, तोंड नको दाखवूस.”

“नाहीच दाखवणार. सुट्टीभर मैत्रिणीकडे चालले. फोनही करू नकोस, बंद असणार आहे.” चमूचा हिरवा रुमाल गळ्याभोवती आवळत ती तरातरा जिन्याकडे गेली.

संध्याकाळी इमारत काळीठिक्कर झाली. काकांनी कुलूप ठोकलं.

“रुसलीय,” मंत्र्याने घरी आईला सांगितलं. “पोटात कावळे ओरडले की येईल.”

दुसऱ्या दिवशी तो जेवायला बसला, तोच काकांचा फोन आला.

“साहेब, वरच्या अडगळीच्या खोलीत दिवा लागतोय नि विझतोय. जाऊन बघू का?”

मंत्र्याने मोबाइलवर आकडे पाहिले. शेजारची इमारत अगदी पाठोपाठ होती.

“उंदीर असतील, काका. तुम्ही कशाला गुडघे झिजवता? मी इथूनच बंद करतो.”

त्याने बटण दाबलं.

“थांबलं बघा,” काका म्हणाले.

सुंठीवाचून खोकला गेला. मंत्री पोटभर जेवला.

सुट्टी संपली. ढाल मिळाली, पण अगदी थोडक्यात. धाकटीचा फोन अजून बंदच होता. आता मात्र त्याला वाईट वाटू लागलं. समारंभात तिचा कापसाचा विनोद आपणच सांगायचा, सगळ्यांदेखत तिच्यापुढे हार मानायची, असं ठरवून तो काकांना घेऊन जुना फलक आणायला वर गेला.

दार कशाला तरी अडत होतं. दोघांनी खांदा लावून ते ढकललं. आत दिवा लागला नाही. तो त्यानेच बंद केला होता. त्याने मोबाइलचा उजेड पाडला.

फलकांचा लोखंडी रॅक आडवा कोसळला होता. त्याखालून बाहेर आलेल्या निपचित हातात लांब दांड्याचा झाडू होता, आणि छतावरच्या सेन्सरपुढे हलवता यावा म्हणून त्याच्या टोकाला बांधलेला हिरवा रुमाल.